लोकगायकाचा गळा : आवाज लावण्याच्या मराठी रीती

देवगिरीला यादव राजा सिंघण राज्य करीत होता त्या काळात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. गायकाचे गुण सांगून झाल्यावर त्याने निंद्य गायकांचे २५ प्रकार दिले आहेत. दात आवळून गातो तो संदष्ट. तोंड भलतेच वासतो तो कराली. गाताना ज्याच्या कपाळाच्या आणि मानेच्या शिरा फुगतात तो झोंबक. कावळ्यासारखा कर्कश आवाज काढणारा काकी, नाकातून गाणारा सानुनासिक. ज्याचे शब्दच कळत नाहीत तो अव्यक्त, हाही त्याच यादीत आहे.

ही यादी मनात ठेवून जत्रेच्या मैदानात शाहिराचा पोवाडा ऐकला, तर यातले कितीतरी दोष एकाच गळ्यात सापडतात. तोंड वासलेले असते, शिरा तटतटलेल्या असतात, वरच्या सुरात आवाज खरखरीत होतो. मैदानातला श्रोता यातले काहीच दोष म्हणून धरीत नाही. तो फक्त अव्यक्ताला क्षमा करीत नाही. शब्द कळला नाही की तो शेजाऱ्याशी बोलू लागतो आणि थोड्या वेळाने धोतर झटकून उठून जातो.

शार्ङ्गदेवापुढे दरबार होता. भिंतींच्या आत, निवडक लोकांसमोर, वीणेच्या साथीने गाणाऱ्या गळ्याचे नियम त्याने बांधले आणि त्या जागी ते रास्तच होते. लोकगायनाची जागा वेगळी. जात्यापाशी आवाज समोरच्या बाईपर्यंत पोचला तरी पुरे होतो. भातलावणीत तो बांधाच्या पलीकडच्या रांगेपर्यंत जावा लागतो. मैदानात शेवटच्या माणसापर्यंत. किती लांब पोचायचे, कशाच्या गलक्यातून पोचायचे आणि अंग कुठल्या कामात गुंतलेले आहे, यांवरून गळा बदलतो. लोकगायन म्हणजे न शिकलेला आवाज, हा समज मोठमोठ्या जाणकारांच्या लेखनातही डोकावतो. तो चुकीचा आहे. या गळ्यालाही तंत्र आहे. फक्त ते ग्रंथात लिहिलेले नाही, अंगात मुरलेले आहे.

त्या तंत्राची सुरुवात शरीरापासून होते. फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातून वर येताना तिथले दोन स्वरतंतू झपाट्याने मिटत आणि उघडत राहतात. साध्या बोलण्यात पुरुषाच्या गळ्यात हे सेकंदाला १०० ते १५० वेळा घडते, स्त्रीच्या गळ्यात २०० वेळांच्या आसपास. दर वेळी तंतू किती घट्ट आणि किती काळ मिटून राहतात, यावर आवाजाचा कस ठरतो. हळुवार आवाजात ते सैलसर मिटतात, हवा निसटत राहते, स्वर मऊ होतो. खड्या आवाजात ते घट्ट मिटतात, जास्त वेळ मिटलेले राहतात आणि हवेचा दाब साठून एकदम सुटतो. अशा आवाजात मूळ स्वराच्या वरचे उपस्वर ठळक होतात. माणसाचा कान सेकंदाला २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि खड्या आवाजाची धार नेमकी त्या पट्ट्यात पडते. डफाचा घुमारा त्याच्या बराच खाली राहतो. म्हणून डफ कितीही दणदणला तरी त्याच्या अंगावरून शब्द पुढे जातो.

मोकळ्या मैदानात ही धार नसेल तर काही चालत नाही. तिथे आवाज परतवायला भिंत नाही, कोंडून धरायला छत नाही. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पुढच्या रांगेत गोड वाटणारा मऊ गळा मागच्या रांगेत नुसती कुजबुज होऊन पोचतो. तोंड वासून गाण्याचाही इथे उपयोग आहे. तोंड जितके उघडे, तितका तोंडाच्या पोकळीचा पहिला अनुनाद वर चढतो. बाईने उंच पट्टीत ‘आ’ ताणला, की तिच्या मूळ स्वराच्या दुपटीवर असलेला उपस्वर आणि तो अनुनाद यांची गाठ पडते आणि गळ्याला वेगळा ताण न देता आवाज फुलतो. शार्ङ्गदेवाचा कराली तोंड वासतो तो या हिशोबाने.

हा दाब येतो कुठून, याचे उत्तर मराठी भाषेने एका वाक्प्रचारात साठवून ठेवले आहे: बेंबीच्या देठापासून. पोटाचे स्नायू श्वासाला खालून आधार देतात आणि गळा त्या हवेला वाट करून देतो. हा आधार सुटला की सारा भार गळ्यावर येतो. मग जे होते ते गाणे नसून ओरडणे असते आणि वर्षभर तसे ओरडणाऱ्याच्या स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. रात्रभर गाऊन सकाळी नेहमीच्या आवाजात बोलू शकणारा गोंधळी आणि तासाभरात आवाज बसलेला हौशी गायक यांच्यातला फरक आवाजाच्या मोठेपणाचा नाही, या आधाराचा आहे.

लोकगायकाचा कानावर ठेवलेला हात चित्रकारांनी इतक्यांदा रंगवला आहे की ती नुसती ढब वाटू लागली आहे. तिला कारण आहे. उघड्यावर, वाद्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या गायकाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. कानामागे पंजा वाकवला की तोंडातून निघालेला सूर परतून कानात येतो आणि सूर कुठे लागला ते कळते. दुसरीही एक गोष्ट त्यामागे आहे. भोवतीचा गोंगाट वाढला की माणसाचा आवाज नकळत चढतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच कर्णतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी हे दाखवून दिले. वाद्ये तापली की कच्चा गायक त्यांच्याबरोबर चढत जातो आणि फसतो. पक्का गायक हाताच्या आडोशाने स्वतःचा आवाज धरून ठेवतो.

मैदानाच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाते आहे. सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ओवीच्या गळ्याची कामाशी बांधलेली गाठ निदान नऊशे वर्षांची आहे. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, खुंट्यावर दोघींचे हात असतात. ओढताना अंग मागे जाते, ढकलताना पुढे वाकते आणि श्वास या झोक्याला बांधला जातो. ओवीच्या चालीत जो संथ हेलकावा आहे तो या झोक्याचाच. मधून मधून वैरण घालायला एक हात सुटतो, फेरी किंचित अडते, आणि सूरही तिथे सैल पडतो. तंबोऱ्याची गरज नाही. दगडावर दगडाची घरघर एकसारखी चालू असते आणि सूर तिच्यावर टेकतो.

ही वेळ पहाटेची. घर झोपलेले, मांडीवर कधी लेकरू. झोपेतून उठलेल्या गळ्याचे स्वरतंतू सैल असतात, आवाज जड आणि खालचा लागतो. जात्यावरची ओवी त्या जड आवाजातच रंगते. ती साधारण तीन ते पाच स्वरांत फिरते, बोलण्याच्या पट्टीजवळ राहते, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाते. तान नाही, कंप नाही. ओळीचा शेवट खाली येतो आणि विरतो. ‘गं’, ‘बाई’, ‘माझ्या’ असे शब्द मधे मधे येतात ते भरतीचे म्हणून कोणी गाळू नयेत. ओवीच्या ओळीत अक्षरांची संख्या ठरलेली नसते. जात्याची फेरी मात्र ठरलेली असते. ओळ तोकडी पडली की हे शब्द तिला फेरीएवढी लांब करतात. पहिलीने ओळ म्हटली की दुसरी ती उचलून पुन्हा म्हणते. तेवढ्यात पहिली श्वास भरते आणि पुढची ओळ मनात जुळवते. श्वासाची सोय आणि रचनेची सवड या एकाच युक्तीत साधलेली आहे.

ओव्या छापल्या गेल्या तेव्हा ही युक्ती कागदावरून निसटली. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’सारख्या संग्रहांनी ओव्यांचे शब्द वाचवले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण छापताना पुनरुक्ती गाळली गेली, मधले हुंकार गाळले गेले. जो उरला तो सुबक, आटोपशीर साडेतीन चरणांचा मजकूर. वाचणाऱ्याला वाटते, ओवी इतकीच. जात्यावर एक ओवी पुरी व्हायला याच्या दुपटीहून जास्त शब्द लागतात आणि त्या जास्तीच्या शब्दांत गाणारणीचा श्वास असतो. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून केलेल्या कामात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बर्नार बेल यांच्या मदतीने त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही झाल्या. त्या ऐकल्या की छापील ओवीत काय हरवले होते ते कानाला पहिल्यांदा कळते.

तीच बाई चिखलात वाकून भात लावते तेव्हा तिचा गळा ओळखू येत नाही. वाकलेल्या अंगात पोट दाबले जाते, मोठा श्वास भरता येत नाही, म्हणून ओळी तुटक होतात. एक रांग म्हणते, दुसरी झेलते. वाऱ्यातून, पाण्याच्या आवाजातून पोचायचे असल्याने पट्टी चढते आणि आवाजाला धार येते. मंगळागौरीच्या फुगडीत तर शब्दच मागे पडतात आणि तोंडाने घातलेला पकवा हीच लय होते. गोव्यातल्या फुगडीतही शेवटाकडे बायकांचे फुंकर टाकल्यासारखे आवाज गाण्याची जागा घेतात. तिथेच धालो या बायकांच्या नृत्यगीतांच्या रात्री समोरासमोर उभ्या असलेल्या रांगा संथ, ओवीसारख्या चालीत गातात.

अॅलन लोमॅक्स या अमेरिकन संशोधकाने १९६८ साली जगभरच्या लोकगीतांच्या तुलनेतून असा सिद्धांत मांडला, की ज्या समाजात स्त्रियांवर बंधने जास्त तिथे गाण्याचा आवाज आवळलेला, चिंचोळा असतो. कल्पना आकर्षक आहे. महाराष्ट्रातल्या एकाच बाईच्या गळ्यापुढे मात्र ती टिकत नाही. पहाटे जात्यावर तिचा आवाज सैल आणि भरलेला असतो, दुपारी बांधावर तो आवळलेला आणि धारदार. समाज तोच आहे, बंधने तीच आहेत. बदलते ते काम, अंतर आणि अंगाची ठेवण. लोमॅक्सने आवाजाकडे गंभीरपणे पाहिले याचे मोल कमी नाही, पण आवाजातून समाज वाचण्याआधी प्रसंग वाचायला हवा.

पोवाड्याची सारी रचना एका माणसाच्या श्वासाभोवती केलेली आहे. एक शाहीर गातो, मागे तीन-चार झीलकरी उभे असतात. डफ शाहिराच्या हातात, तुणतुणे आणि झांज मागच्यांच्या. शाहीर ओळीच्या शेवटच्या अक्षराशी आला की झीलकरी ते अक्षर उचलतात आणि ‘जी जी’चा घोष वर नेतात. श्रोत्याला तो जोश वाटतो. शाहिराला तो श्वास असतो. त्या दोन-चार मात्रांत तो पोट भरून हवा घेतो, पुढची ओळ आठवतो आणि मैदानावर नजर फिरवतो. झील आधी तुटली तर अर्ध्या श्वासावर पुढची ओळ उचलावी लागते आणि चार ओळींत दम सुटतो. म्हणून झीलकऱ्याची पहिली पात्रता गोड आवाज ही नव्हे. शाहिराने सोडलेला सूर जिथल्या तिथे पकडून तो अखेरपर्यंत न उतरू देणे ही आहे.

शाहिराची ओळ बहुधा वरून सुरू होते. एकाच उंच स्वरावर आठ-दहा अक्षरे ठोकल्यासारखी येतात आणि शेवटाला चाल खाली उतरते. इथे सूर म्हणजे अक्षरे टांगायची खुंटी. चालीचे सौंदर्य फार नाही आणि ते असावे अशी अपेक्षाही नाही. लक्ष अक्षरांच्या माऱ्याकडे असते. मराठीतली महाप्राण अक्षरे आणि ट-वर्गातली अक्षरे या माऱ्याला दारूगोळा पुरवतात. ‘घ’, ‘ध’, ‘भ’ उच्चारताना हवेचा झोत सुटतो, ‘ड’ आणि ‘ढ’ टाळूवर आपटतात, ‘र’ फिरतो. लढाईच्या चौकात शाहीर अशी अक्षरे ठेक्याच्या नेमक्या घावावर आणतो. उच्चार जिभेच्या टोकाशी आणि ओठांपाशी राहतो, घशात जात नाही. घशात गेलेला शब्द तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही, हे कुठल्याही फडातल्या पोराला ठाऊक असते.

पुरुषाच्या आवाजाला एक कडा असते. तिच्यावर गेले की आवाज फुटतो किंवा पातळ, चोरटा होतो. शाहीर त्या कडेच्या अगदी खाली, छातीच्या आवाजातच उभा राहतो. आणखी एक पाऊल वर गेला तर फाटेल, असे श्रोत्याला सतत वाटत राहते आणि तो फाटत नाही. वीररसाचा निम्मा परिणाम या टांगणीचा आहे. खालच्या, आरामशीर पट्टीत म्हटलेला तोच पोवाडा गुळमुळीत वाटतो. मात्र अखंड चढा आवाज ठेवणे हेही कसब नव्हे. शत्रूचा डाव सांगताना, आईचा निरोप सांगताना शाहीर आवाज खाली आणतो, कधी गाणे सोडून साध्या बोलण्यात येतो. वरून खाली येऊनही मैदान हातात ठेवणे फार थोड्यांना साधते.

अज्ञानदासाचा अफझलखानाच्या वधावरचा पोवाडा शिवकाळातला. एच. ए. अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी असे जुने पोवाडे जमवून १८९१ साली छापले, तेव्हा शब्द पक्के झाले. गळा मात्र फडातून फडात, माणसातून माणसात येत राहिला आणि विसाव्या शतकात त्याने नवे विषय घेतले. अमर शेख (१९१६–१९६९), अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगारांच्या मैदानांत आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत याच रीतीने शब्द पोचवला. अमर शेखांच्या आवाजाला लोक पहाडी म्हणत. हा शब्द नेमका आहे. एका डोंगरावरून हाक दिली तर दरी ओलांडून समोरच्या डोंगरावर अक्षर न् अक्षर ऐकू जावे, असा तो आवाज. शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांच्या गळ्यात खडेपणाबरोबर नाटकी लवचिकपणा होता आणि त्यांच्या लोकनाट्यांना तो फार उपयोगी पडला.

डफाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. रात्रीच्या दवात त्याचे कातडे सैल पडते, आवाज बसतो. मग शेकोटीवर डफ शेकतात. शेकला की स्वर चढतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा उतरू लागतो. स्थिर सुराचा आधार म्हणून उरते ते एकतारी तुणतुणे. लाकडी नळकांड्याला खालून कातडे, मधून एक तार, हातात छोटी काडी. सूर आणि ठेका दोन्ही ते एकटेच देते. एका माणसाला काखेत धरून, उभ्याने, चालतानाही ते वाजवता येते.

लावणीचे गळे दोन. फडाच्या लावणीत गाणारीण नाचतेही. पायांत घुंगरांचे ओझे, शेजारी उंच सुरात मिळवलेली ढोलकी. नाचताना धाप लागते, म्हणून ओळी छोट्या आणि मागच्या सुरत्यांनी उचललेल्या. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या पिढीतल्या कलावंतिणी तंबूत रात्र रात्र हे करीत. या गाण्याचा प्राण म्हणजे ठसका. अक्षराच्या आरंभी गळा क्षणभर मिटतो आणि पुढचा स्वर धक्क्याने सुटतो. तो धक्का ढोलकीच्या थापेवर पडला की लावणी उभी राहते. थापेच्या आधी किंवा नंतर पडला तर शब्द आणि चाल बरोबर असूनही ती आडवी होते.

बैठकीच्या लावणीत गाणारीण बसलेली असते, श्रोते हाताच्या अंतरावर. इथे पोचण्याचा प्रश्नच नाही आणि सारा गळा त्यामुळे बदलतो. आवाज उतरतो, मऊ होतो, त्यात थोडी हवा मिसळते. पिलू, काफी, खमाज, भैरवी यांच्या छटा चालींत दिसतात आणि ठुमरीशी नाते जाणवते. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी तिचा अर्थ बदलायचा, ही अदा. एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा टोमणा, शब्द तेच. स्वर किती ताणायचा, कुठल्या अक्षरावर रेंगाळायचे, कुठे श्वास ऐकू येऊ द्यायचा, यांवर सारे अवलंबून. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या परंपरेच्या थोर गायिका होत्या. डोळे आणि हात यांनी जे सांगायचे ते त्यांचा गळाही सांगत असे. या गाण्याला बराच काळ प्रतिष्ठितांनी नाक मुरडले आणि त्यामुळे त्याच्या तंत्राची नोंद फार उशिरा, फार थोडी झाली, याची खंत वाटते.

गोंधळात आणि भारुडात गळ्याचे काम अभिनयाच्या जवळ जाते. गोंधळी नाईक संबळ-तुणतुण्याच्या साथीने आख्यान गातो, मधे संपादणी करतो, सोबत्याच्या प्रश्नांना उत्तरे देतो. गाण्यातून बोलण्यात आणि बोलण्यातून गाण्यात तो इतक्या सहज जातो की सांधा दिसत नाही. भारूड गाणारा म्हातारीचा कापरा आवाज, जोशाचे हेल, विंचू चावलेल्याची कळ एकाच गळ्यातून काढतो. विठ्ठल उमप (१९३१–२०१०) ‘जांभूळ आख्याना’त पुरुषी आवाजातून द्रौपदीच्या आवाजात जात, तेव्हा पट्टीपेक्षा जास्त बदलत असे ती शब्द सोडण्याची गती. धनगरांच्या ओव्यांतही गायलेला भाग आणि सांगितलेला भाग आळीपाळीने येतात आणि रात्रभराच्या कथेत गळ्याला विसावा मिळतो तो या सांगण्यातून.

वारकरी भजनात ऐकणारा आणि गाणारा वेगळे नसतात, आणि तिथे शब्द पोचवण्याची अडचण दुसऱ्याच रीतीने सुटलेली आहे. पन्नास टाळ एकदम वाजतात तेव्हा त्यांचा खणखणाट कानाच्या सर्वांत तीक्ष्ण पट्ट्यात पडतो आणि व्यंजने त्यात बुडून जातात. इथला शब्द मात्र सगळ्यांना पाठ असतो. जो शब्द आधीच प्रत्येकाच्या तोंडी आहे तो पोचवावा लागत नाही, जागवावा लागतो. म्हणून भजनातला आवाज व्यंजनांवर मारा करीत नाही, स्वर लांबवतो. पट्टी उंच असते. ज्याला वर पोचता येत नाही तो एक सप्तक खाली गातो, कोणी त्यांच्या मधेच कुठेतरी. काटेकोर कानाला हे बेसूर वाटते. पण दिंडीत उभे राहिलेल्याला तो एकच जाड, भरीव सूर ऐकू येतो आणि त्यात त्याचाही गळा सामावलेला असतो. आळंदीहून किंवा देहूहून पंढरपूरपर्यंत चालताना अभंगाची ओळ पावलांवर पडते. दोन बाजूंचे टाळकरी आळीपाळीने ओळ घेतात, त्यामुळे अर्धे लोक गात असताना अर्धे श्वास भरत असतात. जात्यावरच्या दोघींचीच ही युक्ती आहे, शेकडो लोकांना पुरेल एवढी मोठी झालेली.

या गळ्याचे शिक्षण ऐकण्यातून होते. फडात आलेला मुलगा आधी मागे उभा राहतो, झांज वाजवतो, झील धरतो. वर्षानुवर्षे दुसऱ्याचा सूर उचलताना त्याचा कान तयार होतो, आणि आपला श्वास किती पुरतो हे त्याला कळते. बारा ते पंधराच्या दरम्यान आवाज फुटतो तेव्हा जाणता गुरू त्याला गायला न लावता वाजवायला बसवतो. ओळ गाऊन दाखवली जाते, सरगम सांगितली जात नाही. वारकरी परंपरेने या शिक्षणाला संस्थेचे रूपही दिले. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, आणि कीर्तन, गायन, पखवाज यांचे शिक्षण घेऊन तिथून बाहेर पडलेले कीर्तनकार महाराष्ट्रभर आहेत. लोकसंगीत ही शास्त्रीय संगीताची कच्ची अवस्था नव्हे, संगीताची स्वतंत्र कोटी आहे, हे अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी आग्रहाने मांडले. अभ्यासक्रमांत ते आता मान्य झाले आहे. स्पर्धांचे परीक्षक मात्र अजूनही पोवाड्यात मींड शोधताना दिसतात.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या बाजाच्या पेटीने या गळ्यात एक बदल केला, तो फारसा कोणी मोजलेला नाही. ओवीत आणि धनगरी गाण्यात गंधार पुष्कळदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो. पेटीवर तशी पट्टीच नाही. पेटीच्या साथीला बसलेला गळा हळूहळू दोहोंपैकी एकाला चिकटतो. तुणतुण्याच्या साथीत हा पेच कधी आला नव्हता, कारण तुणतुणे फक्त षड्ज देते आणि बाकीचे स्वर गायकावर सोपवते.

माइकने केलेला बदल सर्वांत मोठा. पोचवण्याचे काम यंत्राने घेतले आणि ज्या गरजेतून खडा आवाज घडला होता ती गरजच संपली. त्याचा फायदा घेणाऱ्यांनी तो सुंदर रीतीने घेतला. सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) डोक्यावर पदर घेऊन, माइकसमोर स्थिर उभ्या राहून लावणी गात. घुंगरू नाही, फड नाही, हातवारे नाहीत. नाचणारीच्या साऱ्या हालचाली त्या अक्षरांच्या ठसक्यात आणीत. आजच्या रंगमंचावर मात्र बहुतेक वेळा उलटेच घडते. शाहिराच्या तोंडाला माइक चिकटलेला असतो आणि त्याच्याभोवती ढोल, सिंथेसायझर, डिजिटल ठेका यांचाही आवाज वाढवलेला असतो. मोठ्या आवाजात सर्व काही ऐकू येते आणि शब्द कळत नाहीत. खड्या गळ्याचा गायक माइकशी हातभर अंतर ठेवून उभा राहिला आणि साथ निम्मी केली, तर तेवढ्याने पोवाडा परत येतो. जुने शाहीर अजूनही माइकचा दांडा मागे सारून गायला सुरुवात करतात, ते म्हणूनच.

जाते बहुतेक घरांतून गेले. गिरण्या आल्या, पहाटेचे दळण थांबले, आणि ओव्या आठवणाऱ्या बायका आता ध्वनिमुद्रकासमोर मांडी घालून गातात. जात्याशिवाय गायलेली ओवी ऐकली की फरक लगेच कळतो. चाल तीच राहते, पण लय घट्ट धरत नाही. ओळी कधी धावतात, कधी रेंगाळतात. ‘गं’ आणि ‘बाई’ कमी होतात, कारण त्यांनी भरायची फेरीच उरलेली नसते. पुनरुक्ती एकदाच येते किंवा येतच नाही. बाजूला एखादे जुने जाते असेल आणि दोघी त्याच्यापाशी जाऊन बसल्या, रिकामेच फिरवू लागल्या, तर पाच-सहा फेऱ्यांत आवाज खाली उतरतो, जड होतो, आणि गाळलेले शब्द एकेक करून परत येऊ लागतात.